रेडिओला श्रोते कसे मिळाले? ७० वर्षांपूर्वीची आपल्याच गावांची गोष्ट

मी तालुक्याच्या गावी पत्रकारिता करतो. हल्ली जो भेटतो तो एकच विचारतो, "व्ह्यूज किती?" लोक जोडायचे कसे, हा प्रश्न जुनाच आहे. त्याचं एक चांगलं उत्तर आपल्याच मातीत सापडलं होतं.

साल १९५६. आकाशवाणीचं पुणे केंद्र जेमतेम अडीच वर्षांचं. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने तेव्हाच्या मुंबई राज्यातल्या ५ मराठी जिल्ह्यांत, १५० गावांत एक प्रयोग केला. कल्पना मूळ कॅनडाची, तिथे १९४१ पासून शेतकऱ्यांचे असे गट चालत होते.

करायचं काय? गावातल्या साधारण २० जणांनी आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती बसायचं. अर्धा तास ऐकायचं. मग रेडिओ बंद, आणि आपापसात चर्चा! शेती, आरोग्य, गावकारभार, सगळे विषय. अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचे आणि त्यांची उत्तरं पुढच्या कार्यक्रमात. १० आठवड्यांत असे २० कार्यक्रम झाले.

टाटा समाजविज्ञान संस्थेने याचा अभ्यास केला. त्यांनी तीन प्रकारची गावं तपासली: मंडळ असलेली, नुसता रेडिओ असलेली आणि रेडिओच नसलेली. मंडळांच्या गावात लोकांची माहिती भरपूर वाढली. नुसत्या रेडिओच्या गावात फारच थोडी. म्हणजे आवाज पोचणं वेगळं, श्रोता तयार होणं वेगळं.

१९५९ पासून योजना देशभर गेली. मंडळं हजारोंनी झाली, पण पुढे कुठे संच नादुरुस्त, कुठे मंडळ फक्त कागदावर. हळूहळू सगळं विझलं.

आणि आज? ध्वनिलहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच सांगितलंय. तरी खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, आकाशवाणीच्याच जशाच्या तशा द्याव्या लागतात. तालुक्याच्या पाण्याचा प्रश्न रेडिओवर विचारायचा कुणी?

मग ती जागा व्हॉट्सॲपच्या फॉरवर्डनी घेतली. तिथे बोलतात सगळे, पण जबाबदारीने उत्तर देणारं कुणी नाही. मला विचाराल तर बातम्यांवरची ही बंदी आता उठवायला हवी. तुम्हाला काय वाटतं? आणि तुमच्या गावात असं रेडिओ मंडळ होतं का? घरच्या जुन्या माणसांना विचारून जरूर लिहा.