शिष्यवृत्तीची अट : बडोदा, लंडन आणि अक्कलकुवा

४ जून १९१३. बडोदा संस्थान आणि २२ वर्षांचे भीमराव रामजी आंबेडकर यांच्यात एक करार झाला. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणासाठी संस्थान दरमहा साडेअकरा पौंड देणार, तेही तीन वर्षे. आणि परतल्यावर भीमरावांनी दहा वर्षे संस्थानाची चाकरी करायची. वडील रामजी सुभेदार यांच्या निधनाला तेव्हा चारच महिने झाले होते.

या कराराची कथा सहसा ‘सयाजीरावांचे औदार्य’ या दोन शब्दांत आटोपली जाते. औदार्य होतेच, पण शिष्यवृत्ती समजून घ्यायची तर रकमेइतकीच अटही वाचावी लागते. त्या काळात परदेशी शिक्षणाचा पैसा देणारा प्रत्येक जण त्या बदल्यात काही ना काही मागत असे.

जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेल्या निधीतून कर्ज मिळे, ते फेडावे लागे. लंडनमध्ये श्यामजी कृष्णवर्मांनी जाहीर केलेल्या शिष्यवृत्त्यांची अट तर नेमकी उलटी होती : लाभार्थ्याने ब्रिटिश सरकारची नोकरी कधीही पत्करायची नाही! सरदारसिंह राणांनी दिलेली, शिवाजी महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती टिळकांच्या शिफारशीने विनायक दामोदर सावरकरांना मिळाली आणि जून १९०६ मध्ये ते विलायतेस निघाले. एक दाता कर्ज देतो, दुसरा नोकरीत बांधून घेतो, तिसरा नोकरीच निषिद्ध ठरवतो. पैशामागचे राजकारण इतके उघड क्वचितच दिसते.

भीमरावांना मात्र खरा काच बसला तो मुदतीचा. १९१५ मध्ये प्राचीन भारतातील व्यापारावर प्रबंध लिहून त्यांनी एम. ए. केले; ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या चर्चासत्रात जातिसंस्थेवरचा निबंध वाचला. मग लंडन. तेथे अर्थशास्त्राचा अभ्यास रंगात आला असतानाच शिष्यवृत्ती संपली आणि १९१७ मध्ये त्यांना परतावे लागले. करारानुसार ते बडोद्यात रुजू झाले. पण महाराजांच्या या अधिकाऱ्याला महाराजांच्याच राजधानीत राहायला खोली मिळेना. पारशी खाणावळीतून लोक काठ्या घेऊन हाकलायला आले. दहा वर्षांची चाकरी काही आठवड्यांतच संपली. लंडनचा अपुरा अभ्यास पुरा करायला १९२० साल उजाडले. त्या वेळी हाती होती ती सिडनहॅम महाविद्यालयातील पगारातली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या मित्राचे कर्ज.

आता नकाशा उलगडावा. सावरकर निघाले त्याच १९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पश्चिम खानदेशाच्या वायव्य टोकाला, सातपुड्याच्या कुशीत अक्कलकुव्याचा मुलूख. भिल्ल-पावरा वस्तीचा, काठीसारख्या छोट्या मेवासी संस्थानिकांचा. (काठीची राजवाडी होळी आजही हजारोंना खेचते.) तेथून नैऋत्येस सोनगड, गायकवाडांची जुनी राजधानी. सयाजीरावांनी त्याच १९०६ साली आपल्या सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. सक्तीचा कायदा आणि त्याचा अंमल यांत अंतर असतेच. तरीही गायकवाडी हद्दीतल्या आदिवासी मुलाला कायद्याने शाळा देय होती, आणि एका दिवसाच्या वाटेवरच्या इंग्रजी खानदेशात तसा कायदाच नव्हता.

हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कोलंबियाची वाट कोलंबियात सुरू झाली नव्हती. १९०७ मध्ये भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलातून मॅट्रिक झाले, तेव्हा सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. पुढे याच गुरुजींनी त्यांची सयाजीरावांशी गाठ घालून दिली आणि महाविद्यालयासाठी दरमहा २५ रुपये सुरू झाले. हायस्कूल, गुरुजी आणि ते २५ रुपये नसते, तर १९१३ च्या करारावर सही करायला कोणी उरलेच नसते.

१९४२ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेल्यावर बाबासाहेबांनी अस्पृश्य विद्यार्थ्यांच्या उच्च व परदेशी शिक्षणासाठी सरकारी पैशाची मागणी लावून धरली. राजाच्या मर्जीवर असलेली गोष्ट तिजोरीच्या हिशेबात आणण्याची ही धडपड होती. स्वतंत्र भारतात १९५४-५५ पासून केंद्राची परदेशी शिष्यवृत्ती सुरू झाली.

अटी मात्र सुटल्या नाहीत. २०२२ मध्ये सामाजिक न्याय मंत्रालयाने अनुसूचित जातींसाठीच्या योजनेतून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचे समाजशास्त्रीय संशोधन हे विषय वगळले. त्या नियमाने पाहिले तर १९१५ चा व्यापारावरील प्रबंध आणि १९१६ चा जातींवरील निबंध, दोन्हीही अपात्र!

आदिवासींसाठीच्या केंद्रीय योजनेत देशभरासाठी वर्षाला २० जागा आहेत. त्यांपैकी ३ विशेष असुरक्षित आदिम जमातींसाठी. योजना सुरूच होते पदव्युत्तर शिक्षणापासून. शाळकरी वयात परदेश पाहण्याची सोय तिच्यात नाही. अक्कलकुव्याच्या डोंगरपाड्यातले मूल घरी भिलोरी किंवा पावरी बोलते, आश्रमशाळेत मराठी शिकते आणि परदेशी विद्यापीठाचा अर्ज त्याला इंग्रजीत भरावा लागतो. त्या अर्जापूर्वीची १५-१७ वर्षे कोणत्याच करारात नसतात.