उन्हाळ्यातील चिखलदरा : बेत आखण्यापूर्वी

मे महिन्यात राज्यातील सर्वाधिक तापमानाच्या यादीत अकोला आणि अमरावतीची नावे झळकू लागली, की वऱ्हाडातील कुटुंबांची नजर आपोआप उत्तरेकडे वळते. सातपुड्याच्या गाविलगड रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर वसलेले चिखलदरा हे विदर्भातील एकमेव थंड हवेचे ठिकाण. अमरावतीहून अवघ्या अडीच-तीन तासांचा प्रवास. तरीही उन्हाळ्यात तेथे पोहोचलेली अनेक मंडळी पहिल्याच दुपारी हिरमुसली होतात. छायाचित्रांत पाहिलेले धबधबे आटलेले असतात, सागाच्या जंगलाने पाने टाकलेली असतात आणि मुक्कामाच्या खोलीतील नळाला ठरावीक वेळीच पाणी येते. पावसाळ्यातील चिखलदरा मनात धरून उन्हाळ्यातील चिखलदऱ्याला गेले, की असे होणारच. या दोन ऋतूंत गाव तेच असले, तरी बेत निराळा आखावा लागतो.

प्रथम तापमानाचा हिशेब. हवा साधारणतः दर हजार मीटर उंचीमागे सहा ते साडेसहा अंशांनी थंड होते. अमरावती सुमारे ३४० मीटर उंचीवर आहे, अकोला त्याहूनही खाली. म्हणजे पठार आणि मैदान यांत साडेसातशे-आठशे मीटरचा फरक, आणि तापमानात पाच-सहा अंशांचा. २०२० च्या मे महिन्याच्या अखेरीस अकोल्याचा पारा ४७ अंशांच्या पुढे गेला होता. अशा दिवशी वर बर्फाळ गारवा मिळेल, ही अपेक्षा व्यर्थ होय. अकोल्यात ४४ अंश असता चिखलदऱ्याची दुपारही ३७-३८ अंशांची असू शकते. खरा फरक सूर्यास्तानंतर जाणवतो. खाली काळी जमीन आणि सिमेंटची घरे रात्रभर उष्णता सोडत राहतात. वर मात्र दऱ्यांतून वारा सुटतो, कूलरची आठवण राहत नाही आणि पहाटे अंगावर चादर ओढावी लागते. चिखलदऱ्याचा उन्हाळा सकाळ-संध्याकाळचा आणि रात्रीचा आहे. त्यामुळे सकाळी निघून सायंकाळी परतायची एकदिवसीय सहल हा या ऋतूतील सर्वांत वाईट बेत ठरतो. त्यात वरची दुपार तेवढी वाट्याला येते आणि वरची रात्र हातची जाते. किमान दोन रात्रींचा मुक्काम धरावा.

दिवस निवडतानाही विदर्भातील पालकांच्या हाती एक सवलत आहे, जी पुण्या-मुंबईकडील पालकांना नाही. येथील शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या तुलनेत उशिरा, जूनच्या अखेरच्या आठवड्यात किंवा जुलैच्या प्रारंभी उघडतात. मोसमी पाऊस विदर्भात सामान्यतः जूनच्या मध्यास दाखल होतो. त्यामुळे जूनचा तिसरा आठवडा सुटीतही बसतो आणि पहिल्या सरींनंतरचे धुकेही पदरात पडते. मात्र पाऊस लांबला तर हाच काळ पाणीटंचाईचा कळस असतो. ज्यांना ही जोखीम नको, त्यांनी मार्चअखेर ते एप्रिलचा मध्य पाहावा. तेव्हा मोह फुललेला असतो, पाण्याची ओढाताण कमी असते आणि गर्दीही मर्यादित असते.

पाण्याचे गणित

पठारावर वर्षाला साधारण दीड हजार मिलिमीटर पाऊस पडतो, अकोल्याच्या जवळजवळ दुप्पट. एवढे असूनही उन्हाळ्यात पाणी नसते, याचे कारण भूरचनेत आहे. सातपुड्याचा हा भाग काळ्या कठीण खडकाचा. उतार तीव्र, मातीचा थर पातळ. पडलेला पाऊस खडकात फारसा मुरत नाही. तो दऱ्यांतून थेट खाली नद्यांना जातो. चंद्रभागा येथूनच उगम पावून मैदानात उतरते. गावाची भिस्त पठारावरील तलावांवर राहते. आसपासच्या मोथा, आलाडोह यांसारख्या गावांनी अनेक उन्हाळे टँकरची वाट पाहत काढले आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार चिखलदऱ्याची लोकसंख्या जेमतेम पाच हजार. सुटीच्या शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांचा भार या छोट्या गावाच्या पाण्यावर पडतो.

म्हणून खोली आरक्षित करताना दूरचित्रवाणी संच आणि वातानुकूलन यांपेक्षा पाण्याची चौकशी आधी करावी. पाणी कोठून येते, किती वेळ येते, हे स्पष्ट विचारावे. ‘सकाळी दोन बादल्या मिळतील’ असे प्रामाणिकपणे सांगणारा लॉजमालक ‘चोवीस तास पाणी’ म्हणणाऱ्यापेक्षा अधिक भरवशाचा. पिण्याच्या पाण्याचे मोठे कॅन परतवाड्यातच भरून घ्यावेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान, वन विभागाची विश्रामगृहे आणि खासगी हॉटेले असे पर्याय आहेत. सुटीच्या काळात आयत्या वेळी जाऊन खोली शोधणे टाळावे.

वर जाण्याचे मार्ग

अमरावतीहून परतवाडा सुमारे ५० किलोमीटर, आणि तेथून घाट चढून साधारण ३० ते ४० किलोमीटर. परतवाड्यापुढे दोन वाटा आहेत. एक धामणगाव गढी, मोथामार्गे आणि दुसरी घटांगमार्गे. अकोलेकरांसाठी अकोट, अंजनगाव सुर्जी, परतवाडा हा मार्ग सोयीचा. एसटीच्या बसगाड्या अमरावती आणि परतवाडा येथून मिळतात. रेल्वेने येणाऱ्यांसाठी मुंबई-हावडा मार्गावरील बडनेरा आणि अकोला ही स्थानके जवळची. एप्रिल २०२५ मध्ये अमरावतीच्या बेलोरा विमानतळावरून मुंबईची प्रवासी विमानसेवा सुरू झाली, त्यामुळे बाहेरगावच्या नातेवाइकांना बोलावणेही आता सोपे झाले आहे. मुर्तिजापूरहून अचलपूरपर्यंत धावणारी शकुंतला ही नॅरोगेज गाडी मात्र बंद पडली आहे. तिच्या आशेवर कोणी बेत आखू नये.

गाविलगड पहाटेच

हैदराबाद पलटणीतील कॅप्टन रॉबिन्सन याला १८२३ मध्ये हे पठार सापडल्याची नोंद सर्वत्र आढळते. पुढे वऱ्हाडातील इंग्रज अधिकारी उन्हाळ्यात येथे येऊ लागले. कॉफीची लागवडही त्याच काळातली. ‘सापडले’ हा शब्द अर्थातच इंग्रजांच्या सोयीचा. भीमाने कीचकाचा वध करून त्याला या दरीत फेकले, म्हणून कीचकदरा, त्याचाच चिखलदरा झाला, ही कथा येथील भीमकुंडाशी जोडलेली आहे, आणि गाविलगडाचा इतिहास तर रॉबिन्सनच्या चारशे वर्षे आधी सुरू होतो.

बहमनी सुलतान अहमदशहा याने १४२५ च्या सुमारास हा किल्ला बांधला. नंतर तो इमादशाहीचा आधार बनला. नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात असताना दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात त्याच्यावर संकट आले. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आजच्या अकोला जिल्ह्यातील अडगावजवळ आर्थर वेलस्लीने भोसले आणि शिंदे यांच्या सैन्याचा पराभव केला आणि तो गाविलगडाकडे वळला. दक्षिणेची बाजू अवघड असल्याने कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने डोंगरांतून वाट काढीत तोफा उत्तरेच्या पठारावर ओढून नेल्या. १५ डिसेंबरला किल्ला पडला, किल्लेदार बेनीसिंह लढताना मारला गेला आणि दोनच दिवसांनी देवगावच्या तहावर सह्या झाल्या. त्या तहाने भोसल्यांचा वऱ्हाडावरील हक्क गेला. वऱ्हाडी माणसाने हा किल्ला पाहावा तो एवढ्यासाठी. दरवाजांवरील कोरीव शिल्पे, फारसी शिलालेख, मोठी मशीद आणि तलाव पाहण्यास तीन तास लागतात. किल्ल्यात पिण्याच्या पाण्याची सोय नाही आणि सावलीही तुरळक आहे. सकाळी सहाला आत शिरून नऊपर्यंत बाहेर पडावे.

पंचबोल, देवी पॉइंट, मोझरी पॉइंट आदी ठिकाणे सायंकाळी चारनंतरच पाहावीत. भीमकुंडाचा धबधबा उन्हाळ्यात कोरडा असतो, परंतु दरीची खोली धबधबा नसताना अधिक चांगली दिसते. वैराट हे पठारावरील सर्वोच्च ठिकाण. तेथील गावाचे पुनर्वसन झाल्यानंतर रिकाम्या जागी गवत माजले आणि त्यावर रानगव्यांचा वावर सुरू झाला. तेथील सूर्यास्त चुकवू नये.

उन्हाळ्याच्या पदरात एक गोष्ट मात्र पावसाळ्यापेक्षा भरघोस पडते, ती म्हणजे वन्यजीवदर्शन. मेळघाट हा १९७४ मध्ये देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांत घोषित झाला. पाने गळलेली असल्याने दृष्टी दूरवर जाते आणि पाणवठे मोजके उरल्याने जनावरे तेथे येतात. सेमाडोह आणि सिपना नदीकाठचे कोलकास येथे मुक्काम होऊ शकतो. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून पाणवठ्यावरील प्राणी मोजण्याचा वन विभागाचा उपक्रम याच काळात होतो. त्यात सहभागासाठी आगाऊ नोंदणी आवश्यक असते. वाघ दिसेलच असे मात्र नाही. मेळघाटचे जंगल डोंगराळ आहे, ताडोब्यासारखे सपाट नाही. अस्वल, रानगवा, सांबर दिसले तरी सफर फळली असे मानावे.

१५ फेब्रुवारी ते १५ जून हा राज्यात वणव्याचा काळ मानला जातो. वनक्षेत्रात चूल पेटवणे, विडी-सिगारेटचे थोटूक टाकणे हा गुन्हा आहे, आणि वाळलेल्या पानांच्या थरावर एक ठिणगीही पुरते. सोबत रोख रक्कम, ज्येष्ठांची औषधे आणि पुरेसे इंधन परतवाड्यातूनच घ्यावे. येताना मोथ्याच्या गवळ्यांकडील खवा घ्यायचा असल्यास सकाळी घ्यावा, उन्हात तो टिकत नाही. परतीचा घाट दिवस मावळण्याआधी उतरावा. अंधार पडल्यावर पाण्याच्या शोधात निघालेली जनावरे याच रस्त्यावर येतात.