घरातली लपलेली गळती: टाइल्स फोडण्याआधीच्या ३ चाचण्या

भिंतीला ओल आली की पहिला सल्ला मिळतो तो ‘टाइल्स फोडा’. मी आधी एवढंच शोधतो: पाणी नळाच्या लाइनमधून गळतंय की सांडपाण्याच्या?

१. फ्लश: फ्लशच्या टाकीत खायचा रंग टाका आणि ३० मिनिटं फ्लश करू नका. कमोडमध्ये रंग उतरला तर फ्लशचा वॉशर गळतोय.

२. पाण्याची टाकी: टाकी फक्त तुमच्या घराची असेल तर रात्री तिच्यात पाणी येणं बंद करा, सगळे नळ बंद करून पातळीवर खूण करा. फ्लश ठीक असूनही सकाळी पातळी उतरली, तर टाकी किंवा नळाची लाइन गळतेय.

३. निचरा: पातळी तशीच, पण अंघोळीनंतर ओल वाढते? मग नहाणी ट्रॅप, निचऱ्याचा पाइप आणि टाइल्सचे सांधे बघा.

थर्मल कॅमेरा मी यानंतरच मागवतो. तो पाणी दाखवत नाही, पृष्ठभागाचं तापमान दाखवतो. ओली जागा बाष्पीभवनामुळे थंड दिसते; पण एसीमुळे गार झालेली भिंतही तशीच दिसते. म्हणून तिथे मॉइश्चर मीटर लावून खात्री करा, मगच फोडा. नाहीतर खालच्या घरातलं ठिबकणं चालूच राहतं आणि टाइल्सचा खर्च वर अंगावर पडतो.