कारवीचा कूड आणि २४ अंश

१/४ थर्मोस्टॅट थंड प्रदेशात जन्मला. अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात अध्यापन करणाऱ्या वॉरन जॉन्सन यांनी १८८३ साली खोलीसाठीच्या विद्युत थर्मोस्टॅटचे पेटंट मिळवले. त्यांच्यापुढचा प्रश्न होता वर्ग उबदार राखण्याचा.

२/४ शहापूर-मुरबाडचा प्रश्न नेमका उलट, उकाड्याचा. त्याचे उत्तर भिंतीतच होते : कारवीच्या काठ्यांचा कूड, त्यावर शेणमातीचा लेप, वर उतरते छप्पर. भिंत व छपरामधील फटीतून तापलेली हवा निघून जाई. लेप मात्र पुनःपुन्हा द्यावा लागे. सरकारी नोंदीत हे घर ‘कच्चे’ ठरले.

३/४ ‘पक्क्या’ घराचा सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन शोषतो आणि रात्री ते खोलीत सोडतो. मग एसी येतो. त्याच्या रिमोटवरील अंश आणि टायमर हाच आपला प्रोग्रॅमेबल थर्मोस्टॅट. १ जानेवारी २०२० पासून भारतात स्टार मानांकनाचे एसी सुरू होताना २४ अंशांवरच असावेत, असा नियम आहे. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या मते प्रत्येक वाढीव अंशामागे सुमारे ६ टक्के वीज वाचते.

४/४ म्हणून एसी निवडताना स्टार आणि टायमर पाहावा, पहाटेच्या गारव्याआधी तो बंद होईल अशी वेळ लावावी. परंतु त्याआधी स्लॅबवर सावली करावी. विजेचे बिल रिमोटच्या आधी छप्पर ठरवते. कूड बांधणाऱ्यांना हे ठाऊक होते.