अँटेना ते डिश: बेळगाव-निपाणीतले विनाशुल्क दूरदर्शन

महिन्याचे पैसे न भरता घरी टीव्ही पाहायचा तर छपरावर काय लावावे, हा प्रश्न सगळीकडे सारखाच. बेळगाव, निपाणी, खानापूरकडच्या मराठी घरांत मात्र त्याला दुसरा प्रश्न चिकटलेला असतो: लावल्यावर मराठी दिसणार का? जमिनीवरच्या प्रक्षेपकाचे काम राज्याच्या हद्दीने चालत असे. बेळगाव १९५६ मध्ये मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेले आणि पुढे टीव्ही आला तो त्याच वाटणीने आला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वर्षभराने सिंहगडावरून ते पुण्याला दिसू लागले. १९७०च्या दशकाच्या अखेरीस दूरदर्शन मालिकेतले चिमणराव आणि गुंड्याभाऊ मुंबई-पुण्यात घरोघरी पोचले होते, तेव्हा बेळगावच्या आकाशात पकडण्याजोगे काहीच नव्हते. शेजारच्या विजापूर जिल्ह्यातल्या खेड्यांना मात्र आधीच टीव्ही भेटला होता. १९७५-७६ च्या ‘साइट’ या उपग्रह प्रयोगात सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत सामुदायिक संच बसवले गेले. कर्नाटकातले गुलबर्गा, रायचूर आणि विजापूर हे जिल्हे त्यांत होते. त्या संचांसाठी कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या डिश वापरल्या. म्हणजे या पट्ट्यातली पहिली डिश शहरात दिसली नाही, ती विजापुराकडच्या खेड्यांत उभी राहिली, आणि तीही सरकारी खर्चाने.

बेंगळुरू केंद्र १ नोव्हेंबर १९८१ रोजी सुरू झाले. इन्सॅट-१बी ऑगस्ट १९८३ मध्ये अवकाशात गेल्यावर दिल्लीचे कार्यक्रम देशभर पोचवणे सोपे झाले. १९८४ मध्ये लाखावर वस्तीच्या शहरांत १०० वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक झपाट्याने उभे राहिले. काही महिने तर दिवसाला एक असा वेग होता. अशा प्रक्षेपकाचा भरवसा १५ ते २० किलोमीटरपर्यंत. त्यापलीकडे मनोरा, हवा आणि नशीब. ‘हम लोग’ (१९८४) आणि ‘रामायण’ (१९८७) हिंदीत होते, म्हणून ते पाहताना हद्दीचा प्रश्न आला नाही. तो आला संध्याकाळच्या प्रादेशिक कार्यक्रमांपाशी. महाराष्ट्रातले प्रक्षेपक मुंबईचे कार्यक्रम दाखवत, कर्नाटकातले बेंगळुरूचे. बेळगाव कर्नाटकात, त्यामुळे संध्याकाळी कन्नड. हा कोणाचा डाव नव्हता, प्रक्षेपणाची रचनाच तशी होती. पण मराठी घरात त्याचा अर्थ एकच निघे.

विनाशुल्क हा शब्दही त्या काळी पुरता खरा नव्हता. १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत रेडिओ आणि टीव्हीचा परवाना टपाल कार्यालयातून काढावा लागे आणि दरवर्षी त्याचे पैसे भरावे लागत.

तेव्हाचे मुख्य उपकरण म्हणजे ॲल्युमिनियमच्या नळ्यांचा अँटेना, शास्त्रीय नावाने यागी. मागे सर्वांत लांब आडवी दांडी, तो परावर्तक. त्याच्यापुढे दोन्ही टोकांना वळवून बंद केलेला द्विध्रुव, वायर जोडायची ती इथेच. त्यापुढे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या दांड्या, ज्यांना दुकानदार सरसकट काड्या म्हणत. काड्या जितक्या जास्त तितकी एका दिशेची पकड चांगली, आणि नेम धरणे तितकेच कठीण. दांडीची लांबी चॅनेलवर ठरते. चॅनेल ४ ची लहर साडेचार मीटरच्या आसपास, म्हणून द्विध्रुव जवळजवळ सव्वादोन मीटर लांब. चॅनेल ९ साठी तोच जेमतेम पाऊण मीटरचा पुरतो. त्यामुळे गावचा प्रक्षेपक कोणत्या चॅनेलवर चालतो हे ठाऊक नसताना नुसता ‘मोठा’ अँटेना घेऊन येणे म्हणजे पैसे वाया घालवणे. पट्टीसारखी चपटी वायर स्वस्त पडे. पण पावसात भिजली की चित्र मलूल होई, आणि रस्त्यावरून मोटारसायकल गेली की पडद्यावर रेघा उमटत. गोल कोॲक्सियल केबल महाग, पण हा त्रास कमी. तिच्यासाठी अँटेनापाशी एक छोटा जुळवणीचा डबा बसवावा लागे.

अँटेना फिरवण्याचे काम दोघांचे. एक कौलांवर किंवा गच्चीवर पाइप धरून, दुसरा टीव्हीपुढे, आणि मध्ये खिडकीत एखादे पोर निरोप्या म्हणून. ‘आलं काय?’ ‘मुंग्या हाईत अजून!’ ‘आता?’ ‘गेलं, गेलं, होतं तिथंच ठेव!’ नेमका बसवलेला अँटेना कावळ्यांच्या वजनाने रात्रीतून चार बोटे सरके आणि सकाळी पुन्हा पहिला पाढा.

निपाणीची गोष्ट थोडी वेगळी. गावाच्या दक्षिणेला तवंदीचा घाट आडवा आहे, आणि बेळगाव पाऊणशे किलोमीटर दूर. उत्तरेला कोल्हापूर चाळीसच्या आसपास, मधला मुलूख त्या मानाने मोकळा. अशा ठिकाणी उंच पाइप, जास्त काड्या आणि खांबावरच बसवलेला बूस्टर ही खरेदी उत्तरेकडच्या चित्रासाठीच. बूस्टरबाबत एक गैरसमज मात्र सर्वत्र होता. तो सिग्नल वाढवतो तशी त्यातली खरखरही वाढवतो. मुळात काही येतच नसेल तर बूस्टर फक्त पडद्यावरच्या मुंग्या ठळक करतो. तो टीव्हीमागे नव्हे, अँटेनाजवळ बसवायचा, ही गोष्ट वायरीवर पैसे घालवल्यावरच बहुतेकांना कळे.

१९९१ नंतर केबल आली आणि छपरांवरचे पाइप हळूहळू रिकामे झाले. केबलवाल्याची मोठी जाळीदार डिश लहरींच्या ‘सी’ पट्ट्यातली. तिथली लहर सात-आठ सेंटिमीटरची असल्याने जाळीची भोके आड येत नाहीत. दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी १५ ऑगस्ट १९९४ रोजी सुरू झाली. ‘सह्याद्री’ हे नाव तिला २००० मध्ये मिळाले. उपग्रहाच्या छायेला राज्याची हद्द ठाऊक नसते, त्यामुळे बेळगावात मराठी दिसण्यात तांत्रिक अडचण उरली नाही. अडचण पैशाची. स्वतःची आठ फुटी डिश बसवायला गच्ची लागते आणि हौसही. बाकीच्यांना केबलवाला देईल ते आणि सांगेल त्या दरात.

खरा बदल १६ डिसेंबर २००४ रोजी झाला. दूरदर्शनने ‘डीडी डायरेक्ट प्लस’ ही थेट घरी पोचणारी सेवा ३३ वाहिन्यांनी सुरू केली. संच बाजारातून एकदाच घ्यायचा, मासिक शुल्क नाही. पुढे तिचेच नाव ‘डीडी फ्री डिश’ झाले. तिला ‘केयू’ पट्ट्यातली छोटी डिश पुरते. लहर अडीच सेंटिमीटरच्या जवळपास, म्हणून डिश सलग पत्र्याची लागते.

सुरुवातीला ही सेवा ९५ अंश पूर्व रेखांशावरच्या परदेशी उपग्रहावर होती. मार्च २००७ मध्ये इन्सॅट-४बी अवकाशात गेल्यावर ती ९३.५ अंशांवर आली, आणि त्याच जागी नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५ पुढे तिचा वाहक झाला. बेळगावच्या गच्चीवरून हा उपग्रह आग्नेयेला दिसतो: उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने सुमारे १२८ अंश, क्षितिजापासून ६१ अंश वर. डिश मात्र तितकी आकाशाकडे वळलेली वाटत नाही. तिचा एलएनबी, म्हणजे सिग्नल पकडणारा छोटा डबा, मध्यावर नसून खाली पुढे असतो, त्यामुळे ती प्रत्यक्षापेक्षा वीस-पंचवीस अंश खाली पाहत असल्याचा भास होतो. डोळ्यांनी अंदाज घेणारा नवशिका इथेच फसतो आणि डिश फार वर उचलतो.

साठ सेंटिमीटरची डिश दीड अंशाने हलली तरी सिग्नल निम्म्यावर येतो. अँटेनाच्या काळात असे झाले तर चित्र मलूल होई, पण बातम्या ऐकू येत. डिजिटलमध्ये तशी सवलत नाही: आधी चौकोन, मग काळा पडदा. पाऊस ‘केयू’ पट्ट्यालाच जास्त अडवतो. बेळगाव शहरात साठ सेंटिमीटर बहुतेक दिवस चालते. मलप्रभेच्या उगमाचे कणकुंबी किंवा खानापूरचा पश्चिमेकडचा जंगलपट्टा असेल, तर नव्वदची घ्यावी. तिचे क्षेत्रफळ सव्वादोन पट भरते आणि जोरदार सरीतही थोडी शिल्लक उरते. आग्नेयेला आंबा किंवा फणस असेल तर मात्र कितीही मोठी डिश घ्या, उपयोग नाही. वाढत्या झाडाची पाने पुढच्या वर्षी आड येतील, हेही बसवतानाच पाहावे.

सशुल्क सेवेची पडून असलेली जुनी डिश वापरता येते का, हा नेहमीचा प्रश्न. सन डायरेक्टची असेल तर उपग्रहाची जागा तीच, फिरवायची गरज नाही. डिश टीव्हीची ९५ अंशांकडे पाहते, तिला किंचित सरकवावे लागते. टाटाची ८३ अंशांकडे असते, म्हणजे चांगली बावीस-तेवीस अंश पूर्वेकडे वळवून थोडी खाली घ्यावी लागते. एलएनबी सार्वत्रिक असेल तर बदलायचे कारण नाही. दोन खोल्यांत दोन टीव्ही वेगवेगळी वाहिनी दाखवणार असतील तर दोन तोंडांचा एलएनबी आणि दोन बॉक्स.

बॉक्स निवडताना चूक जास्त होते. सेवेतल्या वाहिन्या जुन्या एमपेग-२ आणि नव्या एमपेग-४ या दोन्ही पद्धतींनी येतात. जुना बॉक्स नव्या पद्धतीच्या वाहिन्या दाखवत नाही. बेळगावात हे गैरसोयीचे, कारण फक्त मराठी किंवा शेमारू मराठीबाणा अशा खासगी वाहिन्या लिलावात जागा घेऊन येतात आणि कधी जातातही. मार्च २०१९ मध्ये मोठ्या हिंदी वाहिन्या एकदम गेल्या होत्या, वर्षभराने परतल्या. म्हणून दुकानदार ज्या वाहिन्यांची नावे घेतो त्यांपेक्षा बॉक्स कोणती पद्धत वाचतो हे विचारणे चांगले.

केबलही दरम्यान डिजिटल झाली. चार टप्प्यांच्या सक्तीत बेळगावसारखी शहरे तिसऱ्या टप्प्यात, ३१ डिसेंबर २०१५ च्या मुदतीत आली. फेब्रुवारी २०१९ पासून पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी करासह १५३ रुपयांच्या आसपास जोडणी शुल्क आणि सशुल्क वाहिन्यांचे वेगळे पैसे, अशी रचना आली. त्याच्याशेजारी एकदाच दीड-दोन हजारांत बसणारी फ्री डिश ठेवली की हिशेब करायला वेळ लागत नाही.

जमिनीवरून येणारे डिजिटल प्रक्षेपण, ज्यासाठी पुन्हा छपरावर छोटा अँटेना पुरला असता, ते फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत सुरू झाले. त्यांत बेंगळुरू आणि औरंगाबाद होते, बेळगाव नव्हते. जुने ॲनालॉग प्रक्षेपक दूरदर्शन चालवणाऱ्या प्रसार भारतीने टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ पर्यंत सीमेवरची मोजकी ठिकाणे सोडली तर सगळे थांबले. ही सीमा देशाची, महाराष्ट्र-कर्नाटकाची नव्हे. आता निपाणीत कोल्हापूरकडे तोंड करून ठेवलेल्या पाइपाला काही पकडायचे उरलेले नाही. डिश मात्र निपाणीतही बेळगावसारखीच आग्नेयेला लावावी लागते.