दुचाकीमागची राहुटी निवडताना...

नांदेड/लातूर - मार्गशीर्ष वद्य चतुर्दशीच्या सुमारास लोहा तालुक्यातील माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तेव्हा तेथील माळावर पालांचे एक गावच उभे राहते. घोडे, गाढवे, उंट यांचे व्यापारी बिऱ्हाड बरोबर घेऊन येतात आणि यात्रा उठली की बिऱ्हाडही उठते. मुक्कामाची सोय सोबत वाहून नेण्याची कल्पना मराठवाड्याला नवी नाही. नवी आहे ती ही राहुटी मोटारसायकलच्या मागे जोडण्याची हौस.

अमेरिका आणि कॅनडात असे तंबू-ट्रेलर अनेक वर्षांपासून वापरात आहेत. दोन चाकांवरील एक बसकी पेटी, झाकण उलगडले की त्याचाच पलंग होतो आणि वर तंबू ताणला जातो. कॉम्पॅक्ट कॅम्प, लीझर-लाइट, टाइम आउट ही त्यातील परिचित नावे. या पेट्यांचे वजन साधारणतः शंभर ते दीडशे किलोच्या घरात असते. मात्र तेथे त्या ओढायला होंडा गोल्डविंगसारख्या अठराशे सीसीहून मोठ्या गाड्या असतात. आपल्या रस्त्यांवरील बहुतेक दुचाकी शंभर ते साडेतीनशे सीसीच्या. त्यामुळे निवडीची सुरुवात ट्रेलरपासून न करता आपल्या गाडीपासून केलेली बरी.

वजनाचे गणित

यासाठी ब्रिटनमधील नियम मोजपट्टी म्हणून उपयोगी पडतो. तेथे १२५ सीसीहून अधिक क्षमतेच्या मोटारसायकललाच ट्रेलर जोडता येतो. रिकाम्या ट्रेलरचे वजन १५० किलो किंवा गाडीच्या वजनाच्या दोन तृतीयांश, यांपैकी जे कमी असेल त्यापेक्षा जास्त चालत नाही. रुंदी एक मीटरच्या आत असावी लागते. हे माप आपल्याकडे लावून पाहू. रॉयल एन्फील्ड क्लासिक ३५० चे वजन १९५ किलो, म्हणजे मर्यादा आली १३० किलो. हीरो स्प्लेंडर प्लसचे इंजिन ९७.२ सीसीचे, म्हणजे ती पहिल्याच अटीत बाद.

हा १३० किलोचा आकडाही आपण रिकाम्या नव्हे, तर भरलेल्या ट्रेलरचा धरावा. क्लासिकचे इंजिन सुमारे वीस अश्वशक्तीचे आहे आणि मागे जोडीदार बसणारच. गादी, स्टोव्ह, पाण्याचा कॅन, शिधा यांचे तीस-चाळीस किलो सहज होतात. तेव्हा मूळ पेटी ८० ते ९० किलोची मिळाली तरच तिचा विचार करावा. लातूर-अहमदपूर-लोहा-नांदेड हा रस्ता फारसा चढ-उताराचा नाही, तो निभावेल. खरी कसोटी माहूरच्या डोंगरात लागते, आणि तीही चढापेक्षा उतारावर. एवढ्या लहान ट्रेलरला बहुधा स्वतःचे ब्रेक नसतात. आपण ब्रेक दाबला तरी मागचा भार गाडीला पुढे ढकलत राहतो.

जोड आणि चाके

सर्वांत बारकाईने पाहण्याची गोष्ट म्हणजे जोड. मोटारसायकल वळणावर झुकते, ट्रेलर झुकत नाही. त्यामुळे जोड स्वतःभोवती फिरणारा हवा. मोटारीच्या ट्रेलरचा साधा हूक येथे पुरत नाही. ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा भाग जोडावर यावा, असा सर्वमान्य ठोकताळा आहे. जड सामान मागे रचले की पुढचा भाग हलका होतो आणि वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. तो डोल आवरणे अनुभवी चालकालाही कठीण जाते. जड सामान आसाच्या किंचित पुढे आणि तळाशी ठेवावे. जोड निखळलाच तर ट्रेलर सुटू नये म्हणून दोन साखळ्या फुलीसारख्या अडकवलेल्या असाव्यात.

परदेशी ट्रेलरना बऱ्याचदा आठ इंची चाके असतात. ती खड्ड्यात आपटतात आणि तिचा टायर अहमदपूरच्या पंक्चरच्या दुकानात मिळेलच असे नाही. दहा इंची चाके घ्यावीत. जुन्या चेतकची आणि अनेक स्कूटरची चाके याच मापाची, त्यामुळे टायर-ट्यूब तालुक्याच्या गावीही मिळते. पेटीचा तळ गतिरोधकाला घासणार नाही, इतका उंच आहे ना, तेही दुकानात वाकून पाहावे. विक्रेत्याला थोडे हसू आले तरी चालेल!

कापड

जाड सुती कापडाच्या तंबूत हवा खेळती राहते, पण ते जड असते आणि ओले गुंडाळले की बुरशी धरते. पॉलिस्टर हलके, मात्र उन्हात त्याची भट्टी होते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. त्या दिवसांत कोणताही तंबू उपयोगाचा नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच खरा हंगाम. त्या काळात दोन्ही बाजूंना जाळीच्या खिडक्या असलेले पॉलिस्टर पुरेसे ठरते.

कायदा काय म्हणतो?

अनेकांचा समज असा, की इंजिन नसलेल्या गाड्याला कागदपत्रे कशाला? मोटार वाहन कायदा, १९८८ मधील ‘मोटार वाहन’ या व्याख्येतच ट्रेलरचा समावेश आहे. म्हणजे कलम ३९ नुसार नोंदणी आणि कलम १४६ नुसार तृतीय पक्ष विमा या दोन्ही बाबी त्याला लागू होतात. गॅरेजमध्ये जोडून घेतलेल्या पेटीची अडचण येथेच होते. उत्पादकाने नमुन्याची तांत्रिक मान्यता घेतलेली नसेल, तर नोंदणी अवघड. गाडीच्या सांगाड्याला हूक वेल्ड करणे हा कलम ५२ खालील फेरबदलाचा विषय ठरू शकतो. अनेक दुचाकी कंपन्या आपल्या हस्तपुस्तिकेत ट्रेलर न जोडण्याचा सल्ला देतात, तेव्हा वॉरंटीचाही प्रश्न उरतो.

राज्याने २०२१ मध्ये जाहीर केलेल्या कॅरॅव्हॅन पर्यटन धोरणात तंबू-ट्रेलरचा उल्लेख आहे खरा. पण त्याने परिवहन विभागाकडील नोंदणी चुकत नाही. पैसे मोजण्यापूर्वी नांदेड किंवा लातूरच्या प्रादेशिक परिवहन कार्यालयात ट्रेलरची मान्यतेची कागदपत्रे दाखवून, आपल्या गाडीमागे त्याची नोंद होईल का, हे लेखी विचारावे. विमा नसताना अपघात झाला, तर भरपाईचा बोजा थेट मालकावर पडतो. तो ट्रेलरच्या किमतीच्या कितीतरी पट असू शकतो.

उत्तर नकारार्थी आले तर निराश होण्याचे कारण नाही. दोघांचा चांगला तंबू तीन-चार किलोत मिळतो आणि कॅरिअरवर बांधता येतो. कंधार, औसा आणि उदगीरचे किल्ले किंवा खरोसा लेणी पाहायला निघालेल्या जोडप्याला एवढे पुरते. मुले बरोबर असतील तर मात्र मोटारच बरी.

नोंदणी होऊन ट्रेलर घरी आलाच, तर पहिल्या फेऱ्या रिकाम्या ट्रेलरने आणि नंतर वाळूची पोती ठेवून कराव्यात. मुक्कामाची जागा मुरमाड निवडावी. काळ्या रानात रात्री एक सर पडली, तरी सकाळी चाके रुतलेली असतात, आणि मग शेजारच्या शेतातली बैलजोडी मागण्याची वेळ येते.