वाऱ्यातला छर्रा

गोष्ट आहे १६९० सालची. छत्रपती राजाराम महाराज त्या वेळी दक्षिणेत जिंजीच्या किल्ल्यात होते. मोगलांची फौज पाठीशी लागलेली, पैशाची निकड. अशा दिवसांत कडलूरजवळ समुद्रकाठी असलेला देवनापट्टणमचा लहानसा किल्ला मराठ्यांनी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीला विकला. इंग्रजांनी त्याला सेंट डेव्हिड हे नाव दिले. किल्ला विकला खरा, पण भोवतालची जमीन किती द्यायची? करार मोठा मौजेचा झाला. किल्ल्यावरून तोफ डागायची. गोळा जाऊन पडेल तिथवरचा मुलूख कंपनीचा! कंपनीने चांगली दमदार तोफ आणवली, निरनिराळ्या दिशांना गोळे फेकले आणि कडलूर गावासकट सगळा टापू पदरात पाडून घेतला. त्या भागाला पुढे ‘गोळ्याची गावे’ अशा अर्थाचे तमिळ नाव पडले.

त्यानंतर साठ वर्षांनी, १७५० साली, याच किल्ल्यावर बेंजामिन रॉबिन्स नावाचा एक इंग्रज येऊन राहिला. कंपनीने त्याला आपल्या इकडच्या किल्ल्यांची तटबंदी सुधारण्यासाठी पाठवले होते. हवा त्याला मानवली नाही. १७५१च्या जुलै महिन्यात तापाने तो तिथेच वारला. आणि योगायोग बघा, बंदुकीतून सुटलेली गोळी किती जाते, का वळते, का थकते, हे त्या काळी जगात कुणाला नीट कळले असेल तर ते याच माणसाला.

आता तुम्ही म्हणाल, तोफगोळ्याची कथा आम्हाला कशाला? सांगतो. अलीकडे तालुक्याच्या गावीही छऱ्याची बंदूक घेऊन नेमबाजी शिकणारी मुले दिसतात. मोकळ्या मैदानावर वारा सुटला, की त्यांचा एकच प्रश्न असतो: छर्रा कोणता घ्यावा? आणि दहांपैकी नऊजण उत्तर देतात, हलका घ्या, वेगाने जाणारा घ्या; तो चटकन पोचेल, मग वाऱ्याला त्याला ढकलायला वेळच कुठे मिळणार? ऐकायला किती पटते नाही? मलाही पूर्वी ते पटलेले होते. पण ते चूक आहे, आणि त्या चुकीपायी पैसा आणि नेम दोन्ही जातात. ते चूक का, हे समजायला रॉबिन्सकडेच जावे लागते.

रॉबिन्सचा जन्म १७०७ सालचा, बाथ या गावचा. त्याच्या काळी तोफखान्याची गणिते गॅलिलिओच्या नियमावर चालत. फेकलेली वस्तू एका ठरावीक कमानीत जाते, तिला पॅराबोला म्हणतात. तेवढे मांडले की झाले. हवा आड येते हे लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. पण धातूचा जड गोळा, त्याला हवा ती काय अडवणार, असा समज होता. धूमकेतूवाला हॅले, तोदेखील या मताचा होता. मग आणखी कोणाला दोष द्यायचा?

रॉबिन्सने वाद घातला नाही, मोजले. त्याचे साधन खेड्यातल्या सुतारालाही करता येईल इतके साधे होते. तीन दांड्यांचे तिकाटणे उभे करायचे, त्याला लाकडाचा जड फळा टांगायचा, खाली एक फीत लावायची. बंदुकीची गोळी फळ्यात घुसली की फळा मागे झोके घेतो, फीत तेवढी ओढली जाते. फीत मोजा, गणित करा, गोळीचा वेग कळला. बंदूक जवळून झाडा, मग लांबून झाडा. दोन्ही वेगांतला फरक म्हणजे हवेने वाटेत खाल्लेला वेग. गणिताच्या शिक्षकांना हे उदाहरण फळ्यावर मांडण्याजोगे आहे. ०.५४ ग्रॅमचा छर्रा सेकंदाला २४० मीटर वेगाने येऊन ठोकळ्यात रुतला आणि दोन्ही मिळून वजन ५४० ग्रॅम झाले, तर वस्तुमान हजारपट झाले म्हणून वेग हजारांश राहील, म्हणजे सेकंदाला २४ सेंटिमीटर. एक मीटर लांबीच्या दोरीवर तो ठोकळा साडेसात सेंटिमीटरच्या आसपास मागे जाईल. डोळ्यांना न दिसणारा वेग फूटपट्टीने मोजला गेला की नाही!

त्याचे पुस्तक १७४२ साली निघाले आणि त्यात निघालेला आकडा ऐकून विद्वान थक्क झाले. वेगाने सुटलेल्या शिशाच्या गोळीला हवा जे अडवते, तो जोर गोळीच्या स्वतःच्या वजनाच्या शंभरपटींहून अधिक भरला. शंभरपट! शिवाय गोळीचा वेग आवाजाच्या वेगाजवळ गेला की हा अडथळा एकदम वाढतो, हेही त्याने टिपले. १७४५ साली ऑयलर या थोर गणितीने हे पुस्तक जर्मनमध्ये आणले, ते स्वतःची लांबलचक टिपणे जोडून. रॉयल सोसायटीने रॉबिन्सला कोपली पदक दिले.

त्याचा आणखी एक प्रयोग मला फार आवडतो. त्याने एका बंदुकीची नळी पुढच्या टोकाशी मुद्दाम डावीकडे वाकवली आणि वाटेत पातळ कागदाचे पडदे टांगले. पहिल्या पडद्यांना भोके डावीकडे पडली, ते बरोबरच होते. पण पलीकडच्या भिंतीवर गोळी उजवीकडे लागली! वाकड्या नळीच्या कडेवर घासत गेल्याने गोळी भोवऱ्यासारखी फिरली आणि त्या फिरकीने हवेत वळली. क्रिकेटचा फिरकी गोलंदाज आणि ही गोळी एकाच शाळेतली. १७४७ साली रॉबिन्सने सांगितले, की नळीला आतून पिळाचे आटे पाडा, म्हणजे गोळी जाण्याच्या दिशेभोवतीच फिरेल आणि ही मनमानी थांबेल. आटे पाडलेल्या नळ्या त्याच्याही आधीपासून होत्या. त्यांचा उपयोग का होतो हे त्याने सांगितले. गोल गोळीऐवजी अंड्याच्या आकाराची गोळी करून पाहावी, असेही त्याने सुचवले होते.

आता वाऱ्याकडे वळू. हे तुम्ही सगळ्यांनी पाहिलेले आहे, फक्त बंदुकीशी त्याचा संबंध लावलेला नाही. खळ्यावर मळणी झाली की वारा पाहून गडी तिवईवर चढतो आणि पाटीतून रास सोडतो. दाणा जवळ पडतो, भुसा लांब उडतो. वारा दोघांना एकच. पण भुशाला अंगाच्या मानाने वजन नाही, म्हणून तो हवेच्या हाती लगेच सापडतो. छऱ्याचेही तेच. पुढे जाणाऱ्या छऱ्याला जी हवा मागे खेचते, तीच हवा आडवी वाहू लागली की त्याला बाजूला नेते. खेचणारा हात आणि ढकलणारा हात एकच.

एकोणिसाव्या शतकात फ्रेंच तोफखान्यातल्या इसिदोर दिदियाँ या अधिकाऱ्याने हे एका सुटसुटीत नियमात बसवले. छर्रा निर्वात पोकळीतून गेला असता तर त्याला किती वेळ लागला असता ते काढा. हवेतून जाताना प्रत्यक्ष किती वेळ लागतो ते काढा. दोहोंमधला फरक, म्हणजे हवेने करवलेला उशीर, वाऱ्याच्या वेगाने गुणा. तेवढा छर्रा सरकणार. किती वेळ लागला याला इथे महत्त्व नाही, किती उशीर झाला याला आहे.

याचा एक हिशेब मांडू. दोन छर्रे घ्या, एक ०.५४ ग्रॅमचा, दुसरा ०.६७ ग्रॅमचा, दोन्ही गोल डोक्याचे. बंदूक तीच, म्हणून दोघांना जोर जवळजवळ सारखाच. पहिला सेकंदाला २४० मीटरने सुटेल, दुसरा २१७ मीटरने. लक्ष्य ४५ मीटरवर. चांगल्या घडणीचे छर्रे धरले तर हलका पोचायला ०.२१८ सेकंद घेतो, जड ०.२३० सेकंद. म्हणजे जड मागाहून पोचला. पण हवेने हलक्याला उशीर केला सुमारे ०.०३० सेकंद, जडाला सुमारे ०.०२३. आडवा वारा सेकंदाला चार मीटरचा असेल, जोंधळ्याची पाने सळसळावीत इतपत, तर हलका सरकला १२ सेंटिमीटर आणि जड ९ सेंटिमीटर. मागून पोचणारा छर्रा कमी सरकला! मुलांना हे सांगून पाहा, निम्म्यांना तरी खोटे वाटेल.

तीन सेंटिमीटरने काय बिघडते? बिघडते हो. इंग्लंडात ससेक्समधल्या मॅगम डाउन या ठिकाणी १९८० साली छऱ्याच्या बंदुकीची एक नवी मैदानी स्पर्धा सुरू झाली, तिला फील्ड टार्गेट म्हणतात. पक्ष्याप्राण्यांच्या आकाराचे पत्र्याचे लक्ष्य, त्याला एक भोक. छर्रा भोकातून आत गेला तरच लक्ष्य पडते. अंतर ५० मीटरपर्यंत आणि भोक फार तर ४० मिलिमीटरचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत दोन सेंटिमीटर. बारा काय नि नऊ काय, दोन्ही बाहेरच. नेमबाजाला वाऱ्याचा अंदाज करून नेम बाजूला धरावाच लागतो. पण अंदाज चौथ्या हिश्श्याने चुकला, तर १२ सेंटिमीटरवाल्याची चूक तीन सेंटिमीटर होते, तो भोक हुकतो. नऊवाल्याची चूक सव्वादोन, तो थोडक्यात हुकतो किंवा कडेला घासून आत जातो. नेमबाजीत एवढ्यावरच बक्षिसे ठरतात.

छऱ्याचा हा आकार आला कुठून, तेही सांगायला हवे. हवेच्या जोरावर चालणारी बंदूक जुनी आहे. ऑस्ट्रियाच्या सैन्याने १७८०च्या सुमारास जिरार्दोनी नावाच्या कारागिराची हवेची बंदूक वापरात आणली. दस्त्याच्या टाकीत हवा भरायला पंपाचे दीड हजार दट्टे मारावे लागत. गोळी मात्र गोलच. पुढे १८४९ साली फ्रान्सच्या मिनिए या अधिकाऱ्याने लांबट, बुडाशी पोकळ गोळी काढली. दारू पेटली की तिचे बूड फुगते आणि नळीच्या आट्यांत घट्ट बसते. याच फुगणाऱ्या जातीची गोळी १८५३च्या एन्फिल्ड बंदुकीत आली, आणि तिच्या चरबी लावलेल्या काडतुसांनी १८५७ साली काय झाले ते तुमच्या शाळेतल्या मुलांनाही पाठ आहे.

छऱ्याने विसाव्या शतकाच्या आरंभी ही पोकळ बुडाची युक्ती उचलली. पुढे डोके, मध्ये बारीक कंबर, मागे घेरदार पातळ परकर. हवा दाबून आली की परकर नळीला चिकटतो. आणि बाहेर पडल्यावर तोच परकर बॅडमिंटनच्या फुलाप्रमाणे मागून हवा धरतो, म्हणून डोके पुढेच राहते. या खेळाचे एक जुने नाव ‘पूना’; पुण्याच्या छावणीत गोरे सोल्जर तो खेळत. तेव्हा छऱ्याची उपमा पुण्याचीच झाली म्हणायची. पण फुलाचा गुण तोच दोषही. स्थिर ठेवणारा परकर हवा फार धरतो, म्हणून छर्रा वाऱ्यापुढे नेहमीच दुबळा.

यावरून निवड कशी करायची ते पाहा. सपाट डोक्याचा छर्रा दहा मीटरच्या बंद दालनासाठी. कागदावर भोक स्वच्छ पडते, गुण मोजायला सोपे. अभिनव बिंद्राने २००८ साली बीजिंगला सुवर्णपदक मिळवले ते याच अंतरावर, बंद छताखाली. तोच छर्रा मैदानात नेलात तर सपाट डोके हवा अडवून धरते आणि वारा त्याला घेऊन जातो. मैदानात गोल डोक्याचा घ्यावा. टोकदार छर्रे दिसायला तिखट, पण छऱ्याच्या वेगाला टोकाचा फारसा फायदा नाही आणि टोक किंचित वाकडे असले की नेम गेला. बंदूक फार जोरकस असेल तर हलका छर्रा आवाजाच्या वेगाजवळ जातो आणि रॉबिन्सने टिपलेला तो एकदम वाढणारा अडथळा वाट्याला येतो. तिथे तर जडच हवा.

मग सर्वांत जड घ्यावा का? तसेही नाही. वरच्या उदाहरणात जड छर्रा हलक्यापेक्षा अडीच सेंटिमीटरच्या आसपास खाली पडतो. अंतर ठाऊक असेल तर चिंता नाही; अंतर डोळ्यांनी ताडायचे असेल तर वाऱ्यात वाचवलेले तिथे गमवाल. अंतर ठरलेले आणि वारा बेभरवशाचा, तर जड. अंतर अंदाजाचे आणि वारा मंद, तर मध्यम वजनाचा, असे माझे मत आहे. स्प्रिंगच्या बंदुकीला फार जड छर्रा पुष्कळदा मानवत नाही, हेही ध्यानात ठेवा.

आणि या सगळ्याच्या आधी नळीची आवड. एकाच कारखान्याच्या दोन बंदुका असल्या तरी एकीला जो छर्रा मानवतो तो दुसरीला मानवेलच असे नाही. शांत पहाटे, वारा पडलेला असताना, बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवून प्रत्येक जातीचे दहा-दहा छर्रे एकाच खुणेवर झाडून बघा. ज्याची भोके एकत्र पडतील त्यातूनच पुढची निवड. शांत हवेतच विखुरणारा छर्रा वाऱ्यात सुधारत नाही. डबा उघडला की छर्रे कापडावर पसरा, परकर चेपलेले बाजूला काढा. काचेवर एकेक घरंगळवला तर वाकडा लगेच ओळखू येतो. शाळेच्या प्रयोगशाळेतला नाजूक तराजू मिळाला तर वजनाप्रमाणे वेगळे करा. मागे सुरक्षित मातीचा बांध असल्याशिवाय मात्र बंदूक हातात घेऊ नका. छर्रा दगडावरून परत येतो आणि डोळा जातो.

मग एखाद्या दुपारी वारा सुटला की तेच छर्रे घेऊन बाहेर पडा. नळीच्या टोकाशी लोकरीचा एक धागा बांधा. पुष्कळजण लक्ष्याजवळचे गवत पाहतात, पण तुमच्याजवळचा वारा जास्त घात करतो, कारण सुरुवातीलाच मिळालेला आडवा वेग पुढच्या सगळ्या वाटभर छर्रा बरोबर नेतो. धागा किती उडाला आणि छर्रा किती सरकला, दोन्ही वहीत मांडून ठेवा.